स्पाइकची अँटिबॉडी: कुपी हातात आल्यापासून पहिल्या एलायझापर्यंत

एलायझा म्हणजे प्लेटच्या छोट्या खड्ड्यांत (वेल) प्रथिन चिकटवून त्यावर अँटिबॉडी बसली का, हे रंगावरून बघण्याची चाचणी. इथलं प्रथिन म्हणजे कोरोना विषाणूच्या पृष्ठभागावरचा स्पाइक. मे महिन्यात अँटिबॉडीचा थर्माकोलचा कुरिअर डबा कोल्हापुरात पोचेपर्यंत आतल्या जेलपॅकचं बऱ्याचदा पाणी झालेलं असतं. एवढ्यावर माल परत पाठवू नका. शुद्ध केलेली अँटिबॉडी एखादा दिवस थंडाव्याबाहेर सहसा सोसते. कुपी उघडण्याआधी मात्र दहा सेकंद सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नाहीतर महागडा थेंब बुचालाच चिकटून राहतो. मग १० मायक्रोलिटरचे वाटे करून उणे २० ला ठेवा. द्रावणात निम्मं ग्लिसरॉल असेल तर ते तिथे गोठतच नाही, मग वाट्यांची गरज नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर टाळा. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःच गरम होतो.

आता माहितीपत्रक वाचा. कोरोनाच्या स्पाइकमध्ये १२७३ अमिनो आम्लं आहेत आणि पेशीला चिकटणारा आरबीडी भाग साधारण ३१९ ते ५४१ मध्ये येतो. तुमची अँटिबॉडी एस१ वरची (स्पाइकचा पुढचा तुकडा) की एस२ वरची (मागचा तुकडा), हे आधी बघा. प्रथिनाची घडी ओळखणारी मोनोक्लोनल (एकाच जागेला चिकटणारी अँटिबॉडी) वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं उलगडून, आकारानुसार वेगळी करून तपासण्याची पद्धत) सहसा गप्प बसते, कारण एसडीएस या साबणासारख्या रसायनाने आणि उकळण्याने ती घडीच मोडलेली असते. मूळ वुहान स्पाइकवर बनवलेली आरबीडी-मोनोक्लोनल ओमिक्रॉनवर कमी चिकटली किंवा चिकटलीच नाही, तर दोष तुमच्या हाताचा नाही.

प्लेटसाठी कोटिंग बफर (प्रथिन वेलला चिकटवण्याचं द्रावण): लिटरला १.५९ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, २.९३ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, पीएच ९.६. त्यात एस१ प्रथिन मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, वेलमध्ये १०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर. सकाळी ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं सौम्य रसायन) घातलेल्या पीबीएसने (फॉस्फेट आणि मिठाचं बफर) तीन वेळा धुवा, प्रत्येक वेळी प्लेट टिश्यूवर जोरात आपटून कोरडी करा. मग ब्लॉकिंग, म्हणजे वेलमधली मोकळी जागा झाकणं: ३ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) २०० मायक्रोलिटर, एक तास.

कोल्हापुरात दुधाला तोटा नाही, म्हणून कोणी चहाची दूध पावडर ब्लॉकिंगला वापरतं. त्यात साखर आणि फॅट असतं, पार्श्वभूमी वाढते. वापरायची तर फॅट नसलेली, ५ टक्के. शिवाय दुधात गाईची अँटिबॉडी असते, त्यामुळे सेकंडरी (तुमच्या अँटिबॉडीला, म्हणजे प्रायमरीला, पकडणारी दुसरी अँटिबॉडी) बकरीविरोधी असेल तर ती गाईच्या मिळत्याजुळत्या अँटिबॉडीलाही पकडू शकते. आणि दुधातलं बायोटिन, बायोटिनला घट्ट पकडणाऱ्या स्ट्रेप्टॅविडिनच्या पद्धतीत घोळ घालतं.

पत्रकावरचं '१:१०००' हा फक्त अंदाज समजा. १:५०० पासून दुप्पट-दुप्पट पातळ करत १:६४,००० पर्यंत आठ वेल करा. शेजारी प्रथिन नसलेली रांग आणि प्रायमरी नसलेले वेल हवेतच. प्रायमरी एक तास, धुणं, एचआरपी (रंग आणणारं विकर) जोडलेली सेकंडरी १:५००० एक तास, पाच वेळा धुणं, मग टीएमबी (त्या विकराने निळं होणारं द्रव्य) १०० मायक्रोलिटर. निळा रंग आला की २ नॉर्मल गंधकाम्ल ५० मायक्रोलिटर. पिवळा होतो, ४५० नॅनोमीटरवर वाचा. ज्या पातळ प्रमाणाला खऱ्या वेलचं वाचन १ ते १.५ आणि प्रथिन नसलेल्या कोऱ्या वेलचं ०.१ च्या खाली, ते तुमचं प्रमाण.

पद्धतीत 'खोलीचं तापमान' लिहिलेलं असतं ते २० ते २५ अंश. एसी नसलेल्या प्रयोगशाळेत एप्रिल-मेमध्ये पंधरा मिनिटांचा रंग पाच मिनिटांतच येतो आणि सगळे वेल सारखेच गडद दिसतात. वेळ ठरवून न ठेवता पहिल्या वेलवर नजर ठेवा. कडेचेच वेल जास्त गडद असतील तर बहुधा प्लेट झाकली नव्हती.

सगळीच प्लेट पांढरी राहिली तर बफरची बाटली तपासा. टिकवण्यासाठी घातलेला सोडियम अझाइड एचआरपीला बंद पाडतो. प्रायमरीच्या कुपीतला अझाइड धुण्यात निघून जातो, पण धुण्याच्या बफरमध्येच असेल तर रंग येत नाही.

एक चकवा फार महागात पडतो. पॉलिक्लोनल (वेगवेगळ्या जागांना चिकटणाऱ्या अँटिबॉडींचं मिश्रण) बनवताना जनावराला दिलेल्या स्पाइकला बहुधा हिस्टिडिनची शेपटी (शुद्धीकरणासाठी मुद्दाम जोडलेली हिस्टिडिन अमिनो आम्लांची माळ) असते, आणि काही अँटिबॉडी त्या शेपटीविरुद्धच तयार होतात. तुमच्या प्रथिनालाही तीच शेपटी असेल तर प्लेट झकास रंगते, स्पाइकशी संबंध नसतानाही. म्हणून एका रांगेत तशीच शेपटी असलेलं दुसरं कुठलंही प्रथिन लावा. तीही रंगली, तर अँटिबॉडी शेपटी ओळखते आहे.