संगीत नाटकात पुरुषाची नायिका, बाईचा नायक : या चुका टाळा

हौशी मंडळी संगीत नाटक बसवायला घेतात तेव्हा पात्रनिवडीत एक अडचण हमखास येते. 'सौभद्र'मधल्या सुभद्रेचा गळा एखाद्या पोराकडे असतो, नाहीतर 'मानापमान'चा नायक धैर्यधर, त्याच्या ताना घेणारी एक मुलगी असते आणि तेवढा तयार पुरुष गावात मिळत नाही. अशी पात्रयोजना जरूर करावी, कारण आपली संगीत रंगभूमी उभीच त्यावर राहिली. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ या जुन्या गायक-नटांनी नायिका गायल्या. पुढे बायकांच्या स्त्री-नाटक मंडळ्या निघाल्या आणि त्यांत पुरुष-पार्टही बायकाच करत. मी अनेक वर्षं अशा प्रयोगांना ऑर्गनवर बसतो. पद, म्हणजे नाटकातलं गाणं, कुठे घसरतं ते मला तिथून आधी कळतं, आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ तालमीच्या पहिल्या आठवड्यातच असतं.

आवाज पातळ करणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. पुरुषाला स्त्री-पार्ट मिळाला की पहिल्या वाचनालाच तो आवाज चोरून, नाकात आणून बोलू लागतो. वाक्य कसंबसं निभतं, पण संगीत नाटकात वाक्याच्या शेवटालाच पद चिकटलेलं असतं. शेवटच्या दोन शब्दांखाली मी सूर धरतो आणि नटाने त्या सुरातून पद उचलायचं असतं. खोट्या आवाजात ताना येत नाहीत, म्हणून पद तो स्वतःच्या खऱ्या आवाजात घेतो. मग "दादा, आता मी काय करू" एका बाईचं आणि लगेच पुढची ओळ दुसऱ्याच कुणाची, असं होतं. प्रेक्षक हसतात ते त्या सांध्यावर. पुरुषाने लुगडं नेसलंय याचं त्यांना काही वाटलेलं नसतं.

बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या नीट ऐका. तो पुरुषाचाच गळा आहे, मोकळा आणि पूर्ण. स्त्रीत्व आहे ते शब्द सोडण्यात, ओळीच्या शेवटी सूर हलका ठेवण्यात, लाडिक जागेवर क्षणभर थांबण्यात. म्हणून उपाय असा : आवाज आपला ठेवा, लय आणि वाक्यांचे शेवट बदला. तालमीत मी एक करून घेतो. पदाआधीची चार वाक्यं ऑर्गनच्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर, बोलायची, मग त्याच श्वासात मुखडा (पदाची पहिली ओळ) उचलायचा. सांधा दिसला की पुन्हा वाक्यांपासून. आठ दिवस हे केलं की नटाला स्वतःलाच आपला खोटा आवाज खटकायला लागतो.

बाईने नायक करताना हीच चूक उलट्या बाजूने होते. घसा दाबून, खर्जात नेऊन संवाद म्हणायचे, आणि तिसऱ्या अंकापर्यंत आवाज बसलेला. नायकाचा दरारा ठाम शब्दांतून येतो. वाक्य अर्धवट विरू द्यायचं नाही, एवढं तिला सांगितलं तरी निम्मं काम होतं.

पट्टी शेवटी ठरवणं

पट्टी म्हणजे गाणाऱ्याने आपला 'सा' कुठे धरायचा ते; पेटीच्या काळ्या-पांढऱ्या स्वरांवरून ती सांगतात. साधारणपणे पुरुष काळी एक-दोनच्या आसपास गातात आणि बायका काळी चार-पाचमध्ये. आजच्या मुलांनी नायिकेची पदं बहुतेक गायिकांच्या ध्वनिफितींवरून बसवलेली असतात. मुलगा त्याच पट्टीत गायला जातो आणि तारसप्तकात ओरडतो. मग दिग्दर्शक घाबरून पट्टी एकदम खाली आणतात, तर 'स्वयंवर'मधली रुक्मिणी 'शाकुंतल'मधल्या कण्व मुनींसारखी ऐकू येते. माझा अनुभव असा की मुलगा बैठकीत ज्या पट्टीत गातो, त्याहून अर्धा किंवा एक सूर वर जावं, त्यापुढे नाही. मुखडा मध्यमापासून तारषड्जापर्यंत खेळला पाहिजे. मंद्रात (खालच्या सप्तकात) फार वेळ रेंगाळणारे आलाप काढून टाका, पदाचं काही बिघडत नाही.

तबलजीला हे पहिल्या दिवशी सांगा. काळी एकचा तबला ठोकून काळी चारला नेता येत नाही, त्यासाठी वेगळा तबला लागतो. नायक मुलगी असेल आणि नारद पुरुष, तर एकाच प्रवेशात दोन्ही तबले जवळ हवेत. ऐनवेळी हातोडी घेऊन बसलेला तबलजी मी पाहिलाय, आणि तोवर नारद विंगेकडे बघत उभा.

फेटा आणि कासोटा

हे सगळ्यात दुर्लक्षित. एका प्रयोगात धैर्यधर करणारी मुलगी उत्तम गाणारी होती. रंगीत तालमीपर्यंत ती फेटा न बांधताच गायली. प्रयोगाच्या दिवशी तिचा जाड अंबाडा लपवायला फेटा कानांवरून खाली, घट्ट बांधला. पहिल्या पदाच्या अंतऱ्यात ती पाव सूर चढली आणि तशीच राहिली. मी ऑर्गनचा आवाज वाढवला, उपयोग झाला नाही, कारण तिला मी ऐकूच येत नव्हतो. मध्यंतरात केसांच्या दोन बारीक वेण्या डोक्याभोवती चपट्या बसवल्या, फेटा कानांच्या वर घेतला, आणि पुढचा अंक सुरेल झाला. दहा मिनिटांचं काम, पण ते तालमीत व्हायला हवं होतं.

छाती सपाट दिसावी म्हणून मुलीला पट्ट्यांनी आवळून बांधतात, तेही बंद करा. फासळ्या फुलल्या नाहीत तर तान कशी पुरी होणार? सैल अंगरखा आणि वर उपरणं पुरतं. मुलाच्या नऊवारीचंही तसंच. सुटेल या भीतीने कंबर इतकी कसतात की पोटाने श्वास घेता येत नाही. पहिल्या पंधरवड्यापासून लुगडं नेसूनच तालमीला उभं करा. पाऊल आपोआप लहान होतं, बसणं-उठणं कळतं, पदर कुठे सरकतो ते कळतं.

मिशीबद्दल एवढंच : गोंद सुकला की वरचा ओठ आखडतो. गाणारीला मिशी द्यायचीच असेल तर बारीक द्या आणि ती लावून एकदा सगळी पदं म्हणून घ्या.

हात आणि मान

नायिका म्हटलं की मान वेळावणं, बोटात पदर गुंडाळणं, प्रत्येक ओळीला डोळे मोठे करणं. कुठली बाई दिवसभर असं वागते? अशाने करुण प्रवेशाचाही फार्स होतो. १९१९ सालच्या 'एकच प्याला'तली सिंधू बालगंधर्वांनी केली, तीही फाटक्या लुगड्यात दळण दळणारी. ती भूमिका नखऱ्यावर उभी राहूच शकत नाही. नटाला घरातल्या कामात बसवा. निवडणं, टिपणं, मूल झोपवणं. हात कामात गुंतले की ते बायकी दाखवायची गरज उरत नाही.

आणि समोरच्या पात्राची तयारी विसरू नका. नायक करणारा नट संकोचला, नायिकेच्या डोळ्यांत बघेना, की प्रवेश मेला. १९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमान'मध्ये नायिका भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. केशवराव स्वतः लहानपणी 'शारदा'तली शारदा म्हणून गाजलेले. म्हणून मी हल्ली एक आग्रह धरतो : एका तालमीत दोघांनी भूमिका अदलाबदल करून तो प्रवेश करायचा. समोरच्याला कुठे श्वास लागतो, कुठे आधार हवा, हे दुसऱ्याला त्या दिवशी समजतं.