संशोधनात रुग्णांना सोबत घेताय? आधी या चुका टाळा

इंदूरमध्ये आरोग्यावर अभ्यास करणारे कमी नाहीत. पीजीचे विद्यार्थी आहेत, खाजगी रुग्णालयांतले डॉक्टर आहेत, वस्त्यांमधून काम करणाऱ्या संस्था आहेत. ‘रुग्णांनाही विचारू’ असं आता बहुतेक सगळे म्हणतात, मनापासून म्हणतात. प्रत्यक्षात मात्र एक बैठक होते, चहा-कचोरी होते, फोटो निघतो आणि आराखडा होता तसाच राहतो. माझ्या मते याचं मुख्य कारण एकच: बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं तेव्हा माणसांना बोलावलं जातं. बाकीच्या चुका दुरुस्त करता येतात. ही एक झाली की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

सगळं ठरल्यावर विचारणं

सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, मंजूर झाला, अभ्यास योग्य आहे का ते तपासणाऱ्या नीतिमत्ता समितीचा होकार आला, प्रश्नावली छापून आली आणि मग रुग्णांना विचारलं, ‘काही सूचना?’ आता कुणी कितीही चांगलं सुचवलं तरी ते घ्यायचं म्हणजे दुरुस्तीचा अर्ज आला, समितीची पुढची बैठक आली, काम लांबणं आलं. साहजिकच सूचना वहीत लिहिली जाते आणि वहीतच राहते.

गुडघेदुखीचं उदाहरण घेऊ, कारण मराठी घरांमध्ये पन्नाशीनंतर हा विषय निघत नाही असं घर विरळा. गुडघ्यांच्या अभ्यासात ‘वोमॅक’ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात जिने चढणं-उतरणं आहे, गाडीत बसणं-उतरणं आहे, बाथटबमध्ये शिरणं आहे, मोजे घालणं-काढणं आहे. रामबागेतल्या एका घरी काही बायकांना हे प्रश्न वाचून दाखवले जात होते. मोज्यांचा प्रश्न आला तशा साठीच्या एक काकू म्हणाल्या, ‘मोजे मी थंडीतच घालते, तेही रात्री. तुम्ही असं विचारा ना, ओट्यापाशी किती वेळ उभं राहवतं?’ त्यांच्या शेजारच्या म्हणाल्या, ‘आणि सत्यनारायणाला खाली बसता येतं का तेही विचारा. उठताना मुलाचा हात धरावा लागतो, लाज वाटते. म्हणून हल्ली मी कुणाकडे जातच नाही.’

हे शेवटचं वाक्य नीट ऐकायला हवं. दुखणं, आखडणं, हालचाल यांचे गुण मांडून ते हाती लागलं नसतं. गुडघ्यामुळे एका बाईचं जाणं-येणंच थांबलंय, आणि हे तिला विचारल्याशिवाय कळायचं नाही. प्रश्नावलीत असे बदल करायची सोय नसते असंही नाही. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसची भारतीय राहणीप्रमाणे बदललेली वोमॅक आपल्याकडच्या अभ्यासांमध्ये वापरली गेली आहे. पण कुठली प्रश्नावली घ्यायची हे ठरायच्या आधी रुग्ण समोर हवा.

बाहेरच्या देशांतला अनुभवही असाच आहे. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये गुडघ्यांच्या संधिवाताबद्दल ब्रिटनमधला एक अभ्यास आला. संशोधनाचा भर औषधांवर होता. रुग्णांचं म्हणणं होतं की फिजिओथेरपी आणि शस्त्रक्रिया यांची कसून पारख करा, आणि हे दुखणं घेऊन जगायचं कसं ते शिकवण्याचे मार्ग तपासा. संधिवातात काय मोजायचं हे ठरवणाऱ्या ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाने २००२ मध्ये पहिल्यांदा रुग्णांना चर्चेत बसवलं, तेव्हा रुग्णांनी थकव्याचा विषय लावून धरला. सूज आणि दुखरे सांधे मोजणाऱ्यांच्या यादीत तो तोवर मागेच होता. पुढे काही वर्षांतच थकवा मोजावा अशी शिफारस झाली.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला घेण्याआधी चार-सहा रुग्णांकडे जा. तयार प्रश्न नेऊ नका. ‘या दुखण्याने तुमचं काय-काय अडलं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय नीतिमत्ता मार्गदर्शक तत्त्वांमध्येही समाजाला संशोधनाच्या सुरुवातीपासून ते संपल्यानंतरपर्यंत सोबत घ्यावं असं म्हटलं आहे. गाइडने ‘याची काय गरज?’ असं विचारलं तर हे दाखवता येईल.

संमतीपत्रावर सही झाली, म्हणजे सहभाग झाला असं मानणं

अभ्यासात नाव नोंदवून रक्त देणं वेगळं आणि अभ्यास कसा व्हावा हे ठरवायला बसणं वेगळं. पहिल्यात माणसाकडून माहिती घेतली जाते. दुसऱ्यात त्याचं मत घेतलं जातं आणि त्या मतापायी काहीतरी बदलतं.

सहीची किंमत काय असते हे या शहराला सांगायला नको. औषध चाचण्यांवरून इंदूरमध्ये वाद उठला आणि इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने २०१३ मध्ये संमती घेतानाचं दृकश्राव्य चित्रण करायला सांगितलं. पुढे २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम आले. त्यांच्याप्रमाणे नीतिमत्ता समितीत किमान सात सदस्य लागतात, त्यांतले निम्मे संस्थेबाहेरचे, आणि एक तरी सामान्य नागरिक. इथे आणखी एक गैरसमज होतो: ‘आमच्या समितीत सामान्य नागरिक आहेत, म्हणजे रुग्णांचं म्हणणं आलंच.’ ते सदस्य आराखडा योग्य आहे का हे तपासतात, गुडघा दुखणाऱ्याच्या वतीने बोलत नाहीत. दोन्ही हवेत.

आपल्यातल्याच माणसांना बोलावणं

हे आपण मराठी मंडळींनी जरा स्वतःकडे बघून वाचावं. बैठक ठरली की आपण ओळखीत फोन करतो. सुदामा नगरातले निवृत्त बँकवाले काका येतात, टिळक नगरच्या शिक्षिकाबाई येतात. वेळ पाळतात, छान बोलतात, अर्ज वाचून त्यातल्या चुकाही दाखवतात. त्यांचं येणं मोलाचंच आहे. पण एमवाय या इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रांगेला धार, झाबुआ, आलीराजपूरहून पहाटेची बस धरून आलेली माणसं असतात. कुणी निमाडी बोलतं, कुणी भिली. त्यांचा गुडघा शेतात वाकून, डोक्यावर ओझं वाहून झिजलेला असतो. त्यांचं दुखणं काकांच्या तोंडून कळणार नाही.

त्यांच्यापर्यंत जायचं तर आशाताईंना विचारा. ओपीडीच्या दिवशीच, ते आलेले असताना, तिथेच बसून बोला. कागद वाचायला देऊ नका, वाचून दाखवा. आणि एका गटात एकच रुग्ण कधीही नको. पाच डॉक्टरांमध्ये एकटा बसलेला माणूस मान डोलावण्यापलीकडे काही करत नाही.

कुणी बोलतच नाही?

आधी बघा, खोलीत त्यांचा उपचार करणारे डॉक्टर आहेत का. असतील तर ‘साहेब म्हणतील तसं’ याच्यापुढे गाडी जाणार नाही. हा संकोच आदराचा असतो तसाच भीतीचाही असतो: उद्या यांच्याकडूनच औषध घ्यायचंय. चर्चा चालवायला दुसरं कुणी ठेवा, एखादी समाजसेविका किंवा आधी अशा बैठकीला बसलेला रुग्ण. सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की इथे काहीही बोललात, किंवा उद्यापासून आला नाहीत, तरी उपचारात फरक पडणार नाही. त्या डॉक्टरांनी शेवटच्या अर्ध्या तासात यावं आणि ऐकावं.

सगळे तक्रारीच करतात?

‘औषध मिळत नाही’, ‘एक्स-रेला दोन चकरा झाल्या’, ‘सिस्टर ओरडतात’. संशोधक वैतागतो, हा आपला विषयच नाही म्हणून. या माणसांना कुणीतरी पहिल्यांदाच बसवून विचारलंय, मग साचलेलं बाहेर येणारच. ते येऊ द्या. भिंतीवर दोन मोठे कागद लावा, एक अभ्यासाचा, एक तक्रारींचा, आणि दुसरा कागद रुग्णालयाच्या कारभारात लक्ष घालणाऱ्या रोगी कल्याण समितीकडे खरोखर पोचवा. सरकारी रुग्णालयांमधल्या या समित्यांची कल्पना नव्वदच्या दशकात इंदूरच्या एमवायमधूनच पुढे आली आणि नंतर देशभर गेली. तिचा उपयोग इथेच होऊ नये का? आणि तक्रारींतही अभ्यासाचं सापडतं. ‘दोन चकरा’ याचाच अर्थ असा की तुम्ही ठरवलेल्या सहा फॉलोअपना निम्मी माणसं येणार नाहीत. त्यांतले दोन फॉलोअप फोनवर घ्या.

दुसऱ्या बैठकीला माणसं गळतात?

बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. कामाच्या दिवशी सकाळी अकराची वेळ म्हणजे मजुराचा रोज बुडाला. गुडघेदुखीची बैठक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, असंही मी पाहिलंय. तळमजला, पाठ टेकायला खुर्ची, जवळ शौचालय, आणि दुपारी चारच्या आत मोकळं करणं, म्हणजे गावी जाणारी बस मिळते. येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात द्या. हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. नंतर त्यासाठी पैसे कुणी देत नाही. आणि विचारल्याशिवाय बैठकीचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका. टीबी किंवा सिकलसेलच्या बैठकीतला एक फोटो एखाद्या मुलीचं लग्न मोडू शकतो.

माणसं गळण्याचं दुसरं कारण म्हणजे बोललेल्याचं पुढे काय झालं ते त्यांना कधी कळत नाही. पुढच्या बैठकीआधी एक पान करा: तुम्ही हे सुचवलंत, यातलं हे घेतलं, हे घेता आलं नाही, आणि का. ‘नाही’ ऐकायला लोक तयार असतात. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष त्यांना आधी सांगा, मग परिषदेत मांडा. लेख लिहिताना रुग्णांमुळे काय बदललं हे नोंदवण्यासाठी २०१७ ची ‘ग्रिप २’ ही यादी उपयोगी पडते. छोट्या अभ्यासाला तिची लहान आवृत्तीही पुरते.

अभ्यास सुरू होऊन गेला असेल तर

तरीही काही गोष्टी हातात असतात. मूळ प्रश्न आता बदलणार नाही, हे बोलावलेल्या रुग्णांना आधीच सांगा, म्हणजे त्यांचा वेळ फुकट जाणार नाही. मग माहितीपत्रक त्यांच्याकडून वाचून घ्या आणि ते जिथे अडखळतील तिथे खूण करा. फॉलोअपच्या वेळा आणि जागा त्यांना ठरवू द्या. निष्कर्ष गावात, मंडळात किंवा ओपीडीत कसे सांगायचे हेही त्यांनाच विचारा. यातला जो बदल मंजूर आराखड्याला लागत असेल, त्याचा दुरुस्ती अर्ज समितीकडे पाठवा आणि होकार आल्यावरच तो लागू करा.