बी.कॉम.नंतर पुन्हा डेबिट-क्रेडिट

पुण्यात बी.कॉम. करून सात वर्षं झाली होती. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात पुन्हा पहिल्या बाकावर बसले आणि पहिल्याच क्विझमध्ये दहापैकी सहा. तेही अकाउंट्समध्ये! आईला फोनवर सांगितलंच नाही.

झालं असं, की जर्नल एन्ट्री, म्हणजे व्यवहाराची पहिली नोंद, मी आपल्या सवयीनं लिहिली: 'टू सेल्स अकाउंट', आणि खाली कंसात 'बीइंग गुड्स सोल्ड फॉर कॅश'. प्राध्यापकांनी 'टू'भोवती लाल गोल काढून प्रश्नचिन्ह टाकलं. इथे 'टू' नसतोच, क्रेडिटची ओळ जरा आत सरकवून लिहिली की झालं. 'स्टॉक' म्हटलं की यांना शेअर आठवतात, मालाला 'इन्व्हेंटरी' म्हणायचं. 'सन्ड्री डेटर्स', म्हणजे उधारीवर माल नेलेले ग्राहक, तर कुणाला कळलेच नाहीत. आम्ही शिकलो त्या ताळेबंदात जमीन-इमारत आधी यायची, इथे रोकड सगळ्यात वर. डेबिट-क्रेडिट तेवढं तेच निघालं, नाहीतर त्याच दिवशी घरी परतले असते.

सीपीएसाठी, म्हणजे इथल्या सीएच्या परवान्यासाठी, अकाउंटिंगचे जे युनिट (श्रेयांक) कमी पडतात, ते इथे स्वस्तात होतात म्हणून मी आले. एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी नोकरी-व्हिसामुळे मला मिळालेल्या व्हिसावर, शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. फी मात्र तुम्ही इथले रहिवासी ठरता की नाही यावर. राज्यात एक वर्ष आणि वर एक दिवस राहिल्याचे पुरावे दिले, तर क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात युनिटला ३१ डॉलर, सेमिस्टरवाल्या कॉलेजात ४६. नाहीतर कित्येक पट. आमच्याकडे घराचा करार, वीजबिल, सगळं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर! कागद जमवताना नाकी नऊ आले. तेव्हा इथे आल्या आल्या बँक खात्यात आणि घराच्या करारात स्वतःचं नाव घाला.

क्वार्टर म्हणजे जेमतेम बारा आठवडे. शेवटच्या महिन्यात रात्री जागून अभ्यास उरकू, हा आपला हिशेब इथे साफ चुकतो. चौथ्या आठवड्यात मिडटर्म असते, आणि दर आठवड्याच्या होमवर्कचे गुण शेवटच्या ग्रेडमध्ये धरतात. पहिल्या दिवशी मिळणारा सिलॅबस नीट वाचा. उशिराला किती गुण कापणार, तेसुद्धा त्यातच असतं.

ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापक शंका विचारायला ठेवतात त्या वेळेला, जायचं मी दोन महिने टाळलं. सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय, हेच डोक्यात. शेवटी गेले, तर प्राध्यापकांनी खडू माझ्याच हातात दिला. शेजारी शाळेतून येणारा सतरा वर्षांचा मुलगा आणि निवृत्त झालेल्या एक आजी बसल्या होत्या. आजींना डिप्रिसिएशन (घसारा) समजावता समजावता मलाच ते पहिल्यांदा धड कळलं.

तिसऱ्या क्वार्टरला प्राध्यापकांनी विचारलं, ट्यूटर म्हणून काम करतेस का, तासाला पैसे मिळतील. पण एच-४वर कॉलेजातलं पगारी कामसुद्धा वर्क परमिटशिवाय चालत नाही, आणि परमिट अडकलंय नवऱ्याच्या आय-१४०पाशी, म्हणजे त्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डासाठी करायच्या अर्जापाशी. नाही म्हणावं लागलं. आजी अजून दर गुरुवारी लायब्ररीत माझ्यासाठी जागा धरून बसतात.