टेनिसचा बॉल, एक गोटी आणि दोन मीटर लोकर: मुलांना चंद्र कसा दाखवायचा

मे महिन्यात भाचा राहायला आला होता, वय वर्षं नऊ, त्याने जेवताना विचारलं, "मावशी, चांद्रयानला चाळीस दिवस कशाला लागले, चंद्र तर एवढा जवळ दिसतो." मी आपलं मोठ्या माणसासारखं सांगून टाकलं की ३,८४,४०० किलोमीटर लांब आहे रे, तो "हं" म्हणाला आणि परत आमरसात बुडाला. तेव्हा कळलं की आकडा सांगून काहीच होत नाही, पाठ होतो आणि परीक्षेनंतर जातो. मग जे जे घरात करून बघितलं ते इथे लिहितेय, सामान सगळं घरातलंच आहे, एक गोटी काय ती शोधावी लागेल.

गल्ली क्रिकेटचा टेनिस बॉल घ्या, ही पृथ्वी. साधी काचेची गोटी हा चंद्र. हे प्रमाण अगदी बऱ्यापैकी बरोबर बसतं, कारण पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आणि चंद्राचा ३,४७४, म्हणजे साधारण पावपट. आता बॉल जमिनीवर ठेवून मुलांना सांगा की गोटी कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवा. आधी अजिबात उत्तर द्यायचं नाही, हे महत्त्वाचं. माझ्या लेकीने गोटी वीतभर अंतरावर ठेवली, भाच्याने त्याहून थोडी लांब, कारण पुस्तकातल्या चित्रात दोघं शेजारी शेजारीच असतात ना, पानावर मावायला नकोत का. मग टेप घेऊन गोटी थेट दोन मीटरवर नेऊन ठेवा, आमच्याकडे ती सोफ्याखालून पार बाल्कनीच्या दारापाशी गेली. पृथ्वी आणि चंद्राच्या मधे एकाला एक चिकटून तीस पृथ्व्या बसतात, आणि सूर्य विचारलाच (विचारतातच), तर सांगा की तो ह्या हिशोबात दुमजली घराएवढा आणि इथून पाऊण किलोमीटरपेक्षाही थोडा लांब. आमच्या इथून म्हणजे भाजी मंडईच्या चौकात.

हे झालं की बॉल उचला आणि विचारा, अंतराळवीर राहतात ते स्पेस स्टेशन कुठे असेल? सगळे मधे कुठेतरी बोट दाखवतात. ते पृथ्वीपासून फक्त ४०० किलोमीटरवर फिरतं, म्हणजे आपल्या बॉलपासून दोन मिलिमीटर! बॉलची लव असते ना हिरवी, साधारण तिच्या टोकाशी. राकेश शर्मा १९८४ मधे गेले ते सोव्हिएत स्टेशनही असंच जवळ होतं आणि शुभांशु शुक्ला २०२५ मधे गेले ते हेच आत्ताचं. चंद्रावर प्रत्यक्ष पाय ठेवून आलेली माणसं आजवर फक्त बारा, १९६९ ते १९७२ मधली, सगळी अमेरिकन. भाचा इथे पहिल्यांदा गप्प बसला आणि डोळा बॉलला लावून ते दोन मिलिमीटर बघत राहिला.

आता त्याचा मूळ प्रश्न. ह्याला लोकर लागते, स्वेटरची उरलेली चालेल. अपोलो ११ हे १६ जुलै १९६९ ला निघालं आणि २० जुलैला उतरलंसुद्धा, कारण त्यांचं रॉकेट प्रचंड, इंधन भरपूर, एक जोरदार ढकल आणि चालले. आपल्याकडे रॉकेट लहान, मग काय करायचं, तर झोका. झोका एकदम उंच जात नाही, दर फेरीला एक टाच मारत मारत वाढवतो ना तसं. १४ जुलै २०२३ ला श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ उडालं तेव्हा त्याची पहिली कक्षा लंबगोल होती, जवळचं टोक १७० किलोमीटरवर आणि लांबचं साधारण ३६,५०० किलोमीटरवर. बॉलभोवती लोकरीचा असा लांबुळका वेढा मांडा की एक बाजू बॉलला जवळजवळ चिकटलेली आणि दुसरी वीतभर लांब. यान पृथ्वीजवळ आलं की थोडं इंजिन चालवायचं, लांबचं टोक आणखी लांब जातं, असे वेढे मोठे मोठे करत न्या, आणि १ ऑगस्टला शेवटची टाच मारून लोकर सरळ गोटीकडे. ५ ऑगस्टला ते चंद्राभोवती फिरायला लागलं, मग तिथे उलटं काम, वेढे लहान लहान करत आणायचे. २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम, म्हणजे यानाचा उतरणारा भाग, उतरला, त्यातून २६ किलोचा प्रज्ञान रोव्हर, म्हणजे चाकांची छोटी गाडी, बाहेर आला. लोकरीचा गुंता होतो, होऊ दे. "पॅराशूटने का नाही उतरले" हा प्रश्न येणारच, तर चंद्रावर हवाच नाही, पॅराशूट फुगणार कशाने? इंजिन उलटं चालवत ब्रेक मारत मारतच उतरावं लागतं, आणि २०१९ मधे चांद्रयान-२ चा विक्रम ह्याच शेवटच्या टप्प्यात कोसळला होता, तेही सांगा, पोरांना न जमलेली गोष्ट जास्त आवडते.

चंद्राच्या कला. मोठ्या माणसांनाही विचारा, दहातले सहा-सात म्हणतील पृथ्वीची सावली पडते म्हणून कोर दिसते. चूक! सावली पडली तर ते ग्रहण. ह्यासाठी रात्री खोलीत अंधार करून टेबल लॅम्पचा दिवा उघडा ठेवा, काट्याच्या चमच्यावर मोसंबं खोचा आणि पोराच्या हातात द्या. त्याचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून मोसंबं डोक्यापेक्षा जरा वर धरायचं आणि दिव्याकडे तोंड, आपल्याकडची बाजू काळी, ही अमावस्या. आता जागेवरच डावीकडे हळूहळू वळायचं, उजव्या कडेला बारीक उजेड दिसायला लागतो, ही शुद्ध द्वितीया-तृतीयेची कोर. आणखी वळा, अर्धं उजळलं, अष्टमी. दिव्याकडे पाठ झाली की पूर्ण उजळलेलं, पौर्णिमा, आणि तिथून पुढे वद्य पक्ष, उजेड डाव्या बाजूला राहतो. म्हणजे मोसंब्याचा अर्धा भाग कायमच उजेडात आहे, आपल्याला त्यातला किती दिसतो एवढाच प्रश्न. मधेच कोणाचा तरी हात खाली येतो आणि डोक्याची सावली मोसंब्यावर पडते, तेव्हा ओरडायचं, ग्रहण लागलं! चंद्राचा रस्ता साधारण पाच अंश तिरका आहे म्हणून दर पौर्णिमेला तसं होत नाही, हात वर धरायला सांगितलं ते त्यासाठीच.

आपल्याकडे तर तिथीवर चालणारं कॅलेंडर भिंतीवरच असतं, त्याचा फायदा घ्या ना. संकष्टीला आजी चंद्रोदयाची वाट बघत बसलेली असते, पौर्णिमेला चंद्र दिवेलागणीला उगवतो आणि चतुर्थीला नऊ-साडेनऊ का वाजतात? कारण तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. आणि कॅलेंडरवर गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा दिलेल्या असतात त्यात मुंबई आणि नागपूर काढून बघा, नागपूर पूर्वेला म्हणून तिथे वीसेक मिनिटं आधी दिसतो, म्हणजे विदर्भातले मोदक आधी संपतात. कोकणात कोणी असेल तर भरतीचा हिशोब विचारा, तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाला, ढोबळ आहे पण बसतो.

एक गंमत उभ्या उभ्या. खुर्ची मधे ठेवा आणि पोराला सांगा, खुर्चीकडेच तोंड ठेवून तिच्याभोवती एक फेरी मार. फेरी झाल्यावर विचारा, तू स्वतःभोवती फिरलास का? नाही म्हणतो, पण खिडकी, दार, टीव्ही सगळीकडे तोंड करून झालेलं असतं, म्हणजे फिरलाच की. चंद्र असंच करतो, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते, पलीकडची माणसाने पहिल्यांदा बघितली ती १९५९ मधे, लूना ३ ह्या सोव्हिएत यानाने फोटो काढले तेव्हा. तिला काळी बाजू म्हणू नका मात्र, तिथेही ऊन पडतं, पंधरवडाभर दिवस आणि पंधरवडाभर रात्र. प्रज्ञान सोलरवर चालत होता म्हणून तो उतरला त्या जागची सकाळ बघून उतरवला, रात्र व्हायच्या आधी त्याला झोपवला आणि त्या थंडीनंतर तो जो झोपला तो झोपलाच.

आता सगळ्यात लाडका प्रयोग, खड्डे. मोठ्या परातीत दोन बोटं जाड पांढरी रांगोळी पसरा (मैदा कशाला वाया घालवायचा), वर गेरूची पातळ भुकटी भुरभुरवा आणि गोट्या, सुपाऱ्या, लहान खडे वेगवेगळ्या उंचीवरून टाका. पंखा बंद करा आधी, मी विसरले होते आणि उशीचे अभ्रे दोनदा धुवावे लागले. गोटी पडली की भोवती काठ उठतो आणि आतली पांढरी रांगोळी लांब लांब रेषांनी गेरूवर उडते, अगदी तश्शाच रेषा पौर्णिमेच्या चंद्रावर खाली दक्षिणेकडे टायको नावाच्या खड्ड्याभोवती दिसतात, साधारण ८५ किलोमीटर रुंद आहे तो. पोरं मग तिरकी गोटी मारतात आणि खड्डा लांबट होतो, तेव्हा विचारा चंद्रावरचे जवळजवळ सगळे गोल कसे? उल्का सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येते, ती रुतत नाही, आपटल्या आपटल्या स्फोटच होतो, आणि स्फोट चहूबाजूंनी उडतो. असा एक खड्डा आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, लोणारचं सरोवर, पावणेदोन-एक किलोमीटर रुंद, आणि तो बेसाल्टमधे म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात पडलाय. चंद्रावरचा ससा आहे ना, ते काळे डागसुद्धा बेसाल्टच, फार पूर्वी लाव्हा पसरून गोठला त्याचे. त्यामुळे चंद्रावरचे खड्डे समजून घेणारे लोक लोणारला येतात. पृथ्वीवर पाऊस-वारा खड्डे पुसून टाकतो, चंद्रावर दोन्ही नाही, तिथे जाऊन आलेल्या माणसांच्या पावलांचे ठसेही म्हणून अजून आहेत.

प्रत्यक्ष बघायचं तर दुर्बीण कोणाकडून तरी मागून आणा, १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिलिमीटरची) साधी पुरते, पण कोजागिरीला नाही, त्या रात्री दूध प्या फक्त. पूर्ण चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा, तिथे खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात. कोपर गॅलरीच्या कठड्यावर टेकवा, नाहीतर चंद्र नाचतो. दुर्बीण सूर्याकडे चुकूनही नको, दिवसा ती कपाटातच बरी.

दुर्बीण नसेल तर एक वाटाणा, वाळलेला पांढरा. चंद्र उगवताना भलामोठा दिसतो तेव्हा हात ताठ करून एक डोळा मिटून वाटाणा समोर धरा, चंद्र अख्खा झाकला जातो. मग दोन-तीन तासांनी वर आल्यावर परत धरा, तेव्हाही तेवढाच झाकतो. मोठा दिसणं हे सगळं डोळ्यांचं, म्हणजे खरं तर डोक्याचं.

राहिलं ते तरंगणं. "तिथे गुरुत्वाकर्षण नसतं" असं शाळेतून ऐकून येतात, पण आपला बॉल आठवा, दोन मिलिमीटरवर ते संपेल कसं, जवळजवळ नव्वद टक्के तिथेही आहेच. (चंद्रावर ते एक षष्ठांश, २४ किलोचं पोर तिथे आपल्या वजनकाट्यावर ४ किलो भरेल.) अंतराळवीर तरंगतात कारण ते आणि त्यांचं स्टेशन सतत एकत्र पडत असतात, फक्त पुढे जायचा वेग इतका की पडता पडता पृथ्वी खालून वळून जाते, दीड तासात एक फेरी. हे दाखवायला पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला बुडाजवळ तापल्या दाभणाने भोक पाडा, हे मोठ्यांनी करायचं. झाकण न लावता पाणी भरा, भोकावर बोट. बोट काढलं की धार लागते. आता स्टुलावर उभं राहून धार चालू असतानाच बाटली खालच्या बादलीत सोडून द्या आणि कोणीतरी मोबाईलवर स्लो मोशनमधे व्हिडिओ काढा. हातातून सुटल्या क्षणी धार बंद! बाटलीही पडतेय, पाणीही पडतेय, मग पाणी बाटलीला ढकलणार कशाला. आमच्याकडे हे बाल्कनीत अकरा वेळा झालं, सहाव्यांदा बाटली फुटली म्हणून दुसरी आणली, आणि खालच्या काकू वर येऊन "काय चाललंय" विचारून गेल्या, मग त्याही थांबल्या बघायला.