बीपीएडसाठी कर्ज काढताय? आधी पहिल्या तीन वर्षांचा हिशोब मांडा

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कूलात पीटी शिकवतो. दरवर्षी ॲडमिशनच्या टायमाला कोणी ना कोणी पालक पोराला घेऊन घरी येतात, पोरगा कबड्डीत जिल्ह्याला खेळलेला, बीए-बीकॉम झालेलं, आणि विचारतात, सर, बीपीएडला (पीटी शिक्षक व्हायची दोन वर्षांची पदवी) कर्ज काढू का? मी हो-नाही काहीच बोलत नाही, आधी वही काढायला लावतो.

कर्ज कशाशी ताडून बघायचं इथेच बहुतेकांची गडबड होते. सगळे कायम शिक्षकाचा पगार धरतात. सातव्या वेतन आयोगात हायस्कूल शिक्षकाचं बेसिक ३८,६०० पासून सुरू होतं हे खरंय, पण त्याच्या आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, आणि माध्यमिकला मानधन महिना १८,००० (२०२३ च्या आधी तर ८,००० च होतं). तेही जागा मिळाली तर. भरती पवित्र पोर्टलवरून (सरकारचं शिक्षक भरतीचं पोर्टल), त्याला टीएआयटी परीक्षा, म्हणजे शिक्षकांची अभियोग्यता चाचणी, ती २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. परीक्षा पाच वर्षं थांबली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही ना. त्यात आपल्या कोकणात वाडीवाडीवर शाळा, निम्मी माणसं मुंबईला, पट कमी, पट कमी म्हणजे संच मान्यतेत (पटावरून शाळेला शिक्षकांची पदं मंजूर होतात ती) पदं कमी, मग पीटीचा तास भूगोलाच्या सरांकडे जातो. म्हणून वहीत पगार लिहायचा तो सगळ्यात कमी मिळू शकेल तो. हा आकडा नेटवर शोधू नका, तुमच्या तालुक्यात दोन वर्षांपूर्वी बीपीएड होऊन बाहेर पडलेल्या चार जणांना फोन करा आणि हातात किती पडतात ते विचारा, शाळेचं नाव नका विचारू, मग सांगतात.

आता कर्ज. समजा फी, हॉस्टेल, मेस, किट, बूट धरून दोन वर्षांचे दोन लाख, दरवर्षी एक लाख उचलले, व्याज १० टक्के. बँक कोर्स संपून साधारण एक वर्ष हप्ता मागत नाही, पण व्याज चालूच असतं, हे कोणी नीट सांगत नाही. पहिल्या लाखावर तीन वर्षांचे ३०,००० आणि दुसऱ्यावर दोन वर्षांचे २०,०००, म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज अडीच लाख झालेलं असतं. पाच वर्षांत फेडायचं तर महिना साधारण ५,३१२. सात वर्षं घेतली तर ४,१५०, पण एकूण तीसेक हजार जास्त जातात. १८,००० वर ५,३१२ म्हणजे जवळजवळ तीस टक्के, आणि खाजगी शाळेत १२,००० वर लागलात तर अर्ध्याला थोडंच कमी. माझा नियम, हप्ता हातातल्या पैशाच्या चौथ्या हिश्श्याच्या वर नको. वर गेला की कर्ज कमी करा, मुदत वाढवून स्वतःची समजूत घालू नका.

सोपा उपाय एक आहे, कोर्स चालू असतानाच नुसतं व्याज भरत जा. पहिल्या वर्षी महिना ८३३, दुसऱ्या वर्षापासून हप्ता सुरू होईपर्यंत १,६६७. मग कर्ज दोन लाखच राहतं आणि हप्ता ४,२४९ वर येतो. आपल्याकडे घरात पैसा महिन्याला येत नाही हो, आंब्याचा एप्रिल-मेला येतो, आणि मासेमारीवाल्यांची १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होडी बंद. म्हणून पेटी विकली की त्याच आठवड्यात वर्षभराचं व्याज खात्यात टाकून मोकळं व्हा, गणपतीपर्यंत ठेवलंत तर ते राहत नाही.

कर्ज कमी कसं करायचं तर, प्रवेश सीईटी देऊन कॅप राऊंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) घ्या. मॅनेजमेंट कोट्यात गेलात की महाडीबीटीवरची (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) फी सवलत हातची जाते, आणि बीपीएडच्या हिशोबात त्याच्याएवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. घरचं उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज सवलतीत आपलं कॉलेज बसतं का तेही बँकेत विचारून घ्या. आणि कॉलेजला एनसीटीईची (शिक्षक घडवणाऱ्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची परिषद) मान्यता आहे का ते फी भरायच्या आधी बघा, नंतर नाही.

जोडीची कमाई धरायची तर अर्धीच धरा. उन्हाळी शिबिर, पंचगिरी, पोलीस भरतीच्या पोरांचा सकाळचा ग्राउंड, हे सगळं चालतं, पण पावसात चार महिने मैदान चिखलात असतं.

डोनेशनचं मात्र मनापासून सांगतो. मला एका संस्थेने नोकरीच्या जागेसाठी काही लाख मागितले होते, वडील आंब्याची कलमं गहाण टाकायला निघाले होते, मी नाही म्हटलं. दोन वर्षं कमी पगारावर काढली, पण कलमं अजून आमची आहेत. असा आकडा कोणी बोलला तर तो वहीत लिहूच नका, उठून या.

आणि चार लाखाच्या आतल्या कर्जाला तारण लागत नाही तरी कागदावर आईवडिलांची सही सहकर्जदार म्हणून असते. हप्ता चुकणार असं दिसलं की चुकायच्या आधी ब्रँचला जाऊन मॅनेजरशी बोला, नाहीतर वडिलांचं पीक कर्ज अडकतं.