चाकाच्या खुर्चीसाठी बाथरूम: हातोडा पडायच्या आधी

टेप हातात आला की आपण पहिल्यांदा भिंती मोजायला लागतो. मीही तेच केलं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, बाथरूम साडेचार फूट बाय सात फूट, आणि आबांची डावी बाजू अर्धांगवायूने जाऊन तीन महिने झालेले. मी वहीत लांबी-रुंदी लिहीत होते, तेवढ्यात सोप्यात खुर्चीवर बसलेले आबा म्हणाले, "आगं, आधी मला मोज की. भिंत कुठं पळून जातीया?" आबांची सगळी हयात उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर गेली. माप कुठून धरायचं हे त्यांना कळतं. म्हणून ही यादी त्यांच्याच क्रमाने लिहिते: आधी माणूस, मग खुर्ची, मग दार आणि पातळी, आणि फरशा-नळ सगळ्यांत शेवटी.

माणूस मोजायचा तो खुर्चीत, रोजच्या गादीवर, पाय पायपट्टीवर ठेवून. गादी दबल्यावर जमिनीपासून बैठकीची उंची किती, हे पहिलं माप. आमच्याकडे ते साडेएकोणीस इंच भरलं. दुकानातला साधा कमोड पंधरा-सोळा इंचांचा असतो. म्हणजे खुर्चीवरून कमोडवर जाताना उतार आणि परत येताना साडेतीन-साडेचार इंचांचा चढ, तोही एका हाताच्या जोरावर. दोन्ही बैठका एका पातळीत आल्या की माणूस सरकू शकतो, त्याला उचलावं लागत नाही. दुसरं माप चांगल्या हाताच्या पोहोचीचं: पुढे कुठपर्यंत, वर कुठपर्यंत, खाली वाकून कुठपर्यंत. नळ, जेट (धुवायचा हातातला फवारा), साबण, घंटीचं बटण, सगळं याच टप्प्यात बसवायचं असतं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर अख्खा आराखडा फिरतो: चांगली बाजू कुठली? खुर्चीवरून कमोडवर जाताना चांगली बाजू कमोडकडे असली की काम सोपं होतं. आबांची उजवी बाजू चांगली, म्हणून खुर्ची उलटी आत न्यायची, कमोड त्यांच्या उजव्या हाताला येणार, आणि कमोडच्या पलीकडच्या भिंतीवर आधाराचा दांडा. परतीला मात्र खुर्ची डावीकडे पडते, कमजोर बाजूला. हे कुणी आपणहून सांगत नाही. आम्ही फिजिओथेरपिस्टना घरी बोलावून ही ये-जा दोनदा करून घेतली आणि ठरवलं की दांडा धरून उठायचं काम आबांचं, वळताना समोरून कंबरेला हात द्यायचं माझं. तेव्हा माझे दोन पाय टेकतील एवढी जागाही आराखड्यात धरली. मणक्याच्या दुखापतीत दोन्ही पाय गेलेले असतील तर हिशेब वेगळा होतो: दोन्ही हातांना दांडे, आणि खुर्चीकडचा दांडा वर उचलून ठेवता येणारा.

खुर्चीचं माप घेताना चाकाबाहेरची हाताने ढकलायची गोल कडीही मापात घेऊन सगळ्यांत रुंद ठिकाणी टेप लावायचा. आमची सव्वीस इंच रुंद, पायपट्टीसकट बेचाळीस इंच लांब. शिवाय चाक फिरवणाऱ्या बोटांच्या पेरांना दोन्ही बाजूंना जागा लागते, नाहीतर चौकटीला घासून सालटी निघतात. खुर्चीला जागेवर पूर्ण फिरायला पाच फूट, म्हणजे १५०० मिलिमीटर व्यासाचा गोल लागतो. लहान बाथरूममध्ये तो मिळत नाही, आणि त्यामुळे हात टेकायचं कारणही नाही. बाहेर वळायचं, आत सरळ जायचं, सरळ बाहेर यायचं.

इथेच एक मोठा निर्णय घ्यायचा असतो. रोजची खुर्ची आत न्यायची, की आंघोळीची चाकांची कमोड-खुर्ची घेऊन तीच कमोडवर सरकवायची? दुसरा मार्ग घेतला तर एकदा खाटेवरून त्या खुर्चीवर बसलं की शौच आणि आंघोळ दोन्ही तिथेच होतात, मधली चढउतार वाचते. पण ती खुर्ची कमोडच्या वरून जायला कमोड बुटका हवा, आणि सरकून बसायला उंच हवा. दोन्ही एकदम साधत नाही. कमोड विकत आणायच्या आधी हे ठरलं पाहिजे.

आता खडू घ्या. सोप्याच्या फरशीवर मी बाथरूम जसंच्या तसं आखलं, कमोडच्या जागी विटा रचल्या, दाराच्या जागी दोन पाट उभे केले. आबा खुर्ची मागे रेटत आत आले आणि डावं चाक खडूच्या रेघेवरून गेलं. परत बाहेर, परत आत. चौथ्या वेळी ते म्हणाले, "विटा दोन बोटं भितीकडं सरकव." सरकवल्या आणि खुर्ची बसली. कमोडचा मध्य भिंतीपासून दीड फुटावर आला होता, साधारण शिफारस असते तेवढाच. अर्धा तास आणि एक खडू, एवढ्यात फरशी फोडल्यावर कळली असती ती चूक कळली.

दाराला सरकारी मार्गदर्शक तत्त्वं ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी मागतात, म्हणजे जवळजवळ तीन फूट. घरात खुर्ची सरळ आत जात असेल तर बत्तीस इंचांत भागतं. पण बोळातून काटकोनात वळून आत शिरायचं असेल तर बोळ आणि दार मिळून मोजायला हवेत. मोकळी रुंदी म्हणजे पल्ला उघडल्यावर उरते ती, चौकटीच्या बाहेरून मोजलेली नव्हे. आमची जुनी चौकट सत्तावीस इंचांची, आतून मिळायचे चोवीस. पल्ला आत उघडणारा असेल तर तो आधी काढा: आत माणूस पडला तर दार त्याच्याच अंगाने अडतं. बाहेर उघडणारा किंवा सरकता पल्ला लावा, आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी. पण कडी हवीच. माणसाला आपलं दार आपल्या हाताने लावता आलं पाहिजे. दार रुंद करताना वरचा लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, बदलावा लागतो. जुन्या घरात भिंत वरचा भार पेलत असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय गवंड्याच्या हातात छन्नी देऊ नका.

उंबरा काढायचाच. फार तर अर्ध्या इंचाची, कडा घासलेली पट्टी चालते. मग गवंडी विचारतो, पाणी बाहेर आलं तर? उत्तर ढाळात आहे. सगळ्या फरशीला साठास एक या प्रमाणात ढाळ धरला तर सात फुटांत सव्वा ते दीड इंच पुरतो, आणि दाराशी आडवी लांब जाळी टाकली की उरलेलं पाणी तिथे पडतं. ढाळ एकाच दिशेला हवा. चारी बाजूंनी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या भोकाकडे, उतरणाऱ्या फरशीवर खुर्ची कधीच चारही चाकांवर नीट उभी राहत नाही. बाथरूम बोळापेक्षा वर असेल तर रॅम्प बारास एक, म्हणजे चार इंच चढायला चार फूट लांबी. खाली असेल तर भरून घ्यायचं, पण वरच्या मजल्यावर स्लॅबवर विटांचे तुकडे आणि कोबा ओतायच्या आधी वजनाचं विचारा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर चोवीस तास पाणी कोंडून ठेवा, मगच फरशी.

आधाराच्या दांड्यांवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला, आणि त्याला कारण आहे. आबांना घरी आणलं त्या आठवड्यात एकाने टॉवेलचा रॉडच आधार म्हणून बसवून दिला होता, गिलाव्यात इंचभर स्क्रू मारून. तिसऱ्या दिवशी तो त्यांच्या मुठीत आला. ते बसलेले होते म्हणून निभावलं. त्यानंतर त्यांनी महिनाभर कुठल्याच भिंतीला हात लावला नाही.

म्हणून दांडा घ्यायच्या आधी मागची भिंत कसली आहे ते बघा. पक्क्या विटांची नऊ इंची असेल तर अँकर फास्टनर (भिंतीत फुगून घट्ट बसणारा बोल्ट) चांगला बसतो. साडेचार इंची असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडे लोखंडी पट्टी. भेंड्यांची, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांची भिंत असेल, आमची मागची तशीच निघाली, तर तिच्यावर भरवसा नको, दांड्याला जमिनीतून पाय काढून तो काँक्रीटमध्ये गाडायचा. फरशा लागायच्या आधीच जागा ठरवा आणि उघड्या पाइपांचे फोटो टेप लावून काढून ठेवा, म्हणजे पुढे ड्रिल पाइपात जाणार नाही. दांड्याची जाडी मुठीत मावेल अशी, सव्वा ते दीड इंच, आणि भिंतीपासून अंतर दीड ते दोन इंच. त्याहून जास्त ठेवलं तर हात निसटून कोपरापर्यंत आत अडकतो. आडवा दांडा कमोडच्या बैठकीपासून आठ-दहा इंच वर.

तयार दांडे मिळतात, पण कोल्हापुरात उद्यमनगर असताना मापाने करून घेणं मला पटलं. ३०४ स्टेनलेसचा पाइप, जाड गेजचा, आणि आरशासारखी पॉलिश नको: साबणाच्या हाताला ती सुटते. दांडा घरी आला तेव्हा आबांनी डोळे मिटून उजवा अंगठा वेल्डिंगवरून सावकाश फिरवला आणि एका जागी थांबले. "हितं कड लागतीया." मला दिसली नाही, बोट लावलं तेव्हा कळली. तो परत पाठवला, घासून आला. बसवल्यावर मिस्त्रींना दोन्ही हातांनी लटकायला सांगितलं. त्यांनी आनंदाने लटकून दाखवलं.

कमोड उंच करायला खाली ओटा बांधायचा झाला तर तो कमोडच्या बुडाएवढाच ठेवा. बाहेर आला तर पायपट्टी त्यावर आपटते. भिंतीला टांगायचा कमोड हव्या त्या उंचीला बसतो, पण त्याला मजबूत भिंत किंवा लोखंडी फ्रेम लागते. खर्च करायच्या आधी वर ठेवायची प्लास्टिकची उंच सीट आणून आठवडाभर उंची पारखून बघता येते. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल मुळीच नको, ते ओल्या फरशीवर सरकतं. भिंतीला बोल्ट केलेली घडीची बैठक, हातातला शॉवर, आणि ज्यांना तांब्याने पाणी घेतल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही त्यांच्यासाठी बादलीला गुडघ्याएवढा पक्का ओटा. आबा त्यांतलेच.

गरम पाण्याचं मात्र थांबून वाचा. ज्या अंगाची संवेदना गेली आहे ते अंग भाजलं तरी माणसाला कळत नाही. गिझरचं तापमान कमी ठेवा, थंड-गरम एकत्र येणारा एकाच दांडीचा नळ लावा, पाणी आधी चांगल्या हाताने बघायची सवय ठेवा, आणि पायाला लागेल असा गरम पाइप उघडा सोडू नका. आमचा तांब्याचा बंब परसात राहिला, आत आणला नाही.

फरशी मॅट, खरबरीत, लहान आकाराची. दुकानातच पाणी आणि साबण टाकून अनवाणी पाय फिरवून बघा. बेसिन खाली मोकळं, गुडघे जातील असं सत्तावीस इंच. जागा नसेल तर बाहेर बोळात लावा. तीस मिलिअँपिअरची ईएलसीबी घाला, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच बंद पाडणारा स्विच. घंटीची दोरी जमिनीच्या चार बोटं वरपर्यंत सोडा, म्हणजे पडलेल्या माणसाचाही हात पोहोचेल.

काम दिवाळी ते शिमगा या काळात काढा. आपल्याकडच्या पावसात कोबा वाळत नाही. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी ज्या गल्ल्यांत आलं तिथे ड्रेनेजच्या पाइपाला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह आधीच सांगून ठेवा. आणि ते पंधरा-वीस दिवस माणूस जाणार कुठे, हे पहिल्या दिवसाच्या आत ठरलेलं हवं: खोलीत कमोड-खुर्ची, पडदा, अंग पुसायची सोय. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था इथेच उभी केली, स्वतः चाकाच्या खुर्चीवरून. अनुभवाने बोलणारी माणसं या गावात आहेत, त्यांना विचारायला संकोचू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर त्याचा अर्जही याच दिवसांत करून टाका.

काम संपलं की पहिली फेरी कोरडी, कपड्यांनिशी, दिवसाउजेडी. मिस्त्रींचा शेवटचा हप्ता आठ दिवस वापर झाल्यावर द्यायचा, हे सुरुवातीलाच बोलून ठेवा. आमच्याकडे त्या आठ दिवसांत साबणदाणी चार इंच खाली आली, जेटचा हूक डाव्या भिंतीवरून उजवीकडे गेला, आणि कडी थोडी घट्ट होती ती आबांनी आतूनच तेल घालून सैल केली.