कर्करोगात मीठ कमी करायचे तर कसे

मीठ तोडल्याने माणसाच्या शरीरातली गाठ आक्रसते, असे सिद्ध झालेले नाही. २०१९ साली उंदरांत उलटेच दिसले: भरपूर मीठ खाल्लेल्यांच्या गाठी हळू वाढल्या. इतर काही प्रयोगांचे निकाल याच्याही विरुद्ध आहेत, तेव्हा त्या भरवशावर मीठ वाढवूही नये. पक्का संबंध आहे तो जठराशी. खूप खारवलेल्या पदार्थांनी जठराच्या अस्तराला इजा होते आणि तिथल्या कर्करोगाची शक्यता वाढते.

आधी रिपोर्ट बघा. रक्तातले सोडियम १३५ ते १४५ हवे. फुप्फुसाच्या ‘स्मॉल सेल’ कर्करोगात किंवा सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध चालू असताना ते घसरू शकते. अशा वेळी आपल्याच मनाने अळणी सुरू केले, तर मळमळ, असंबद्ध बोलणे, प्रसंगी झटके. पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल, तर मीठ किती ते डॉक्टरच ठरवतील.

मग मोजा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. नव्या पिशवीवर तारीख लिहा. चौघांच्या घरात किलोची पिशवी किमान ५० दिवस पुरायला हवी. महिन्यात संपली तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलात, आणि यात पापड-फरसाण धरलेलेच नाही.

सुरुवात भात आणि कणकेपासून करा. आमटीसोबत खाताना फरक कळतही नाही. आमटीत नेहमीच्या पाऊणपट मीठ, तेही उतरवताना. वर लिंबू किंवा कोकम. पुढे दर आठवड्याला चिमूटभर कमी. एकदम निम्मे केले की मंडळी पानात वरून मीठ घेतात, आणि ते कुणी मोजत नाही. खारा बांगडा दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा.

पाकिटावरचे सोडियम गुणिले अडीच म्हणजे मीठ: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम. ढोकळ्यातला सोडाही सोडियमच. सैंधवाने काही साधत नाही, तेही मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते धोक्याचे.

केमोत तोंडाची चव जाते. ताटात अन्न उरू लागले आणि डॉक्टरांनी मीठ ठरवून दिलेले नसेल, तर बाकीचा हिशोब बाजूला ठेवून मीठ पूर्ववत करा, कारण वजन उतरणे जास्त महागात पडते. तोंड आले असेल तर मात्र मीठ, कोकम, तिखट सगळेच झोंबते. तेव्हा मऊ वरणभात आणि तूप.